करंजाड्याच्या बसमधली बाबागाडी

बाबागाडी घेऊन रोज बसने जाणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. त्याने फक्त चढायचं. बाकीचं बस बघून घेते.

मी वर्ष-दीड वर्ष असा चढलो. आता मुलगी पायांनी चालते, बाबागाडी माळ्यावर गेलीय. पण घरी पाहुणे आले की बायको म्हणते, "तो पापलेटचा सांगा ना." पापलेटचा सांगितला की भोपळ्याचा आठवतो, भोपळ्यावरून तिसराच कुठला तरी. समोरच्यांचा चहा निवतो. म्हणून एकदाचे बसून सांगून टाकतो.

आधी थोडं घरचं. आम्ही करंजाड्याला राहतो. बायको मानसी शिक्षिका. सकाळची शाळा, त्यामुळे ती उजाडता उजाडता घर सोडते. मी कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये एका पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे बिलिंगला. दोघंही बाहेर, म्हणून आमची ईरा दिवसभर सुकापूरला माझ्या सासूबाईंकडे. सकाळी तिला तिथे पोचवायचं काम माझं. रिक्षाची चैन एखाद्या दिवशी ठीक, रोज आपली बस. बसचे ड्रायव्हर शेखभाई आणि कंडक्टर भोईर. भोईर उरणकडचे. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. पहिल्या आठवड्यापासून मला "बाबागाडी" म्हणायला लागले आणि मी ओ द्यायला लागलो.

*

गाडी मेव्हण्याने दुबईहून पाठवलेली. उत्तम गाडी. ती मिटवायची एक युक्ती होती. मेव्हण्याने ती व्हिडिओ कॉलवर दाखवली होती, आणि मी "कळलं, कळलं" म्हणालो होतो.

पहिल्या दिवशी बस आली. भोईर दारातून म्हणाले, "मिटवून आना. गर्दी हाय, उभी नाय मावनार."

ईरा कडेवर, दुसऱ्या हाताने मी एक बटण दाबलं. छत बंद झालं. दुसरं दाबलं, तर पुढचं चाक निघून हातात आलं. एक गृहस्थ बसमधून खाली उतरले. "सरका. मी कंपनीत मेंटेनन्सला होतो," म्हणाले. त्यांनी मागचं चाकही काढलं. कॉलेजची एक मुलगी मोबाइलवर व्हिडिओ शोधायला लागली. शेखभाईंनी इंजिन बंद केलं. हे काही लवकर आटपत नाही, हे त्यांनी ओळखलं असावं.

तेवढ्यात चांगुणामावशी आल्या. मावशी खाडीकडच्या गावातल्या, रोज याच बसने सुकापूरच्या सोसायट्यांत मासळी विकायला जातात. डोक्यावर भरलेली पाटी. सगळे वाकून काय बघतायत ते बघायला त्यांनाही वाकायचं होतं. पाटी ठेवायला जागा दिसेना, म्हणून त्यांनी ती गाडीवरच ठेवली.

खट् असा आवाज झाला आणि गाडी मिटली.

"मावशी, कुठे दाबलंत?" मेंटेनन्सवाल्यांनी विचारलं.

"मी कुठं दाबलंय? पाटी ठेवली."

सुकापूरला उतरलो तर गाडी उघडेना. एका कडेवर ईरा, दुसऱ्या खांद्यावर गाडी, पँटच्या दोन्ही खिशांत एकेक चाक, असा सासरी पोचलो. सासूबाईंनी दारातच मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पोरीला तुम्ही उचललंत. गाडीलाही तुम्हीच उचललंत," त्या म्हणाल्या. "मग गाडी घेतली कशाला?"

*

पुढे मला मिटवता यायला लागली, आणि मग गर्दी नसेल तेव्हा भोईर ती उभीच आत घेऊ द्यायला लागले. त्यासाठी त्यांनी एक नियम ठरवला होता. पोर बसलेलं असेल तर ते पोर. गाडी रिकामी असेल तर ते सामान. पोराला तिकीट नाही, सामानाला आहे.

एका शनिवारी गाडीचं चाक कुरकुरायला लागलं म्हणून मी ती दुरुस्तीला सुकापूरहून परत नेत होतो. ईरा मानसीबरोबर आधीच रिक्षाने घरी गेली होती. निघताना सासूबाईंनी परसातला लाल भोपळा दिला. चांगला थोराड भोपळा. बसमध्ये घरंगळू नये म्हणून मी तो गाडीत बसवला आणि ईराचा पट्टा लावला.

भोईर तिकिटं फाडत आमच्यापाशी आले आणि थांबले.

"ह्यो कोन?"

"भोपळा."

"बसलाय का ठेवलाय?"

मी पट्ट्याकडे बोट दाखवलं. "बसलाय."

भोईरांनी वाकून पट्टा ओढून पाहिला. घट्ट होता.

"वय?"

"कालच वेलावरून काढलाय."

"मंग फ्री," असं म्हणून ते पुढे गेले.

मागच्या सीटवर एक जण तांदळाची गोण घेऊन बसला होता. तो हे सगळं ऐकत होता. "मास्तर, मग माझ्या गोणीचं तिकीट का घेतलंत?"

भोईर वळले नाहीत. "पट्टा हाय का तिला?"

*

ईराला बसमध्ये झोप लागायची ती बस चालू असेपर्यंत. बस थांबली की डोळे उघडायचे आणि पाठोपाठ तोंड. सिग्नलला थांबलो की मी गाडी पुढे-मागे हलवायचो. एकदा माझ्या दोन्ही हातांत सामान होतं, तर भोईरांनी तिकीट फाडता फाडता पायानेच गाडी हलवली. ईरा झोपून राहिली. तेव्हापासून सिग्नलचं खातं त्यांच्याकडे गेलं. हातात मशीन, तोंडाने "पुढं चला, पुढं चला", आणि एक पाय गाडीच्या दांडीवर.

मग ईराला सर्दी झाली म्हणून आठवडाभर तिची आजीच आमच्याकडे राहायला आली. मी एकटाच बसने गेलो. स्टेशनच्या सिग्नलला बस थांबली. भोईर एका बाईंना सुटे पैसे देत होते आणि त्यांचा उजवा पाय मोकळ्या जागेत पुढे-मागे, पुढे-मागे चालला होता.

"पायाला काय झालं हो?" बाईंनी विचारलं.

भोईरांनी पायाकडे पाहिलं. "झोपलाय," म्हणाले.

*

आता पापलेटचा.

चांगुणामावशींचे गुडघे दुखायला लागले. डोक्यावर पाटी घेऊन पायरी चढणं होईना. एक दिवस त्या गाडीकडे बघत मला म्हणाल्या, "बाबा, असली एक मला पन बग ना कुठं जुनीपानी."

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी टाकून दिलेली बाबागाडी पडून होती. जुनी, पण मजबूत. मालकीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "उपकार होतील, न्या." मी धुऊन-पुसून मावशींना दिली. मावशींनी तिच्यात पाटी बसवली, छत पुढे ओढलं आणि माश्या बसू नयेत म्हणून वरून मच्छरदाणी सोडली. गाडीवर ती आधीपासूनच होती, गुलाबी, कडेला सशांची चित्रं.

पुढच्याच आठवड्यात करंजाड्यात नवीन राहायला आलेल्या एक बाई बसमध्ये चढल्या. मावशींच्या शेजारी बसल्या. लहान मुलांची हौस असलेल्या दिसत होत्या. मच्छरदाणीकडे बघून त्यांचा चेहरा लगेच मऊ झाला.

"झोपलंय का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहाटेच झोपलेत," मावशी म्हणाल्या.

"अगं बाई, जुळे आहेत?"

"जास्त हायेत."

बाईंना ते नीट ऐकू गेलं नसावं. "बघू का जरा? उठवत नाही."

"बगा की. आता उठत नायत ती."

बाईंनी दोन बोटांनी अलगद मच्छरदाणी वर केली. आत बर्फावर पापलेटं मांडलेली होती, एकाच कुशीवर, ओळीने. बाई बघत राहिल्या. अख्खी बस बाईंकडे बघत राहिली. त्यांनी मच्छरदाणी खाली सोडली नाही. उलट दुसऱ्या हाताने पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि एकाचा कल्ला वर करून पाहिला.

"कशी दिलीत?"

*

एकदा मला ऑफिसच्या कामासाठी पहाटेच पुण्याला निघावं लागलं. मानसीने सकाळची रजा टाकली आणि ईराला घेऊन ती बसने सुकापूरला गेली. त्या बसमध्ये ती कधीच बसली नव्हती. म्हणजे बसने तिला कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही एक्सप्रेसवेवर चहाला थांबलो होतो, तेव्हा फोन आला. भोईर. मागे एकदा ईराची पिशवी बसमध्ये राहिली होती, तेव्हापासून त्यांच्याकडे माझा नंबर होता. आवाज अगदी खालचा.

"बाबागाडी, तुमी कुठं हाव?"

"पुण्याला चाललोय. का हो?"

"तुमची पोर आमच्या बसमदी हाय."

"हो, माहितीय."

"संगं एक बाई हाय. वळखीची नाय. चष्मा हाय, निळी ओढनी हाय. पोरीला बिस्कीट चारते." थोडं थांबून ते म्हणाले, "शेखभाईंनी दरवाजे लावलेत."

"भोईर, ती माझी बायको आहे."

"ती पन तसंच म्हनते."

"मग झालं तर."

"पळवनारी बाई दुसरं काय म्हननार?"

मी म्हटलं, तिला फोन द्या. मानसीने फोन घेतला. वर्गात फार गडबड झाली की ती ज्या आवाजात बोलते, तोच आवाज होता. "हे लोक मला सुकापूरला उतरू देत नाहीयेत. मागची एक आजी माझी ओढणी धरून बसलीय. त्यांनी ईराला विचारलं, ही कोण. ईराने कंडक्टरकडे बघितलं आणि म्हणाली, मामा."

मी तिला म्हटलं, स्पीकर लाव. आणि मग रस्त्याच्या कडेला उभा राहून, हातात चहाचा कप धरून, सगळ्या बसला मोठ्याने सांगितलं की ही माझी बायको आहे, हिचं नाव मानसी आहे आणि मुलगी हिची आहे.

भोईरांनी फोन परत घेतला. "दबावाखाली नाय ना बोलत तुमी?"

"नेहमीपेक्षा जास्त नाही."

"मंग सोडतो," ते म्हणाले, आणि मला दरवाजे उघडल्याचा आवाज ऐकू आला.

संध्याकाळी घरी आलो. बोलणी खायची तयारी ठेवूनच आलो होतो. मानसी गॅसपाशी उभी होती. म्हणाली, "उतरले तेव्हा असा राग आला होता ना. आईच्या घरापर्यंत पाय आपटत गेले." तिने कुकरचं झाकण लावलं. "आजपासून शाळेत मला ईराची काळजी लागायची नाही."

दुसऱ्या दिवशी भोईरांनी माझ्याकडे वैनींचा एक फोटो मागून घेतला. समोरून काढलेला आणि बाजूने काढलेला, दोन्ही असतील तर बरं, म्हणाले.

*

शेवटचा किस्सा पाहुण्यांसमोर मी सांगत नाही. सांगायला घेतला की मानसी उठून आत जाते.

ईरा तेव्हा वर्षाची झाली असेल. सकाळी अंग जरा कोमट लागलं. तापाचं औषध दिलं, ती खेळायला लागली, म्हणून नेहमीसारखे निघालो. बसला गर्दी होती. एका आजींनी मला जागा दिली, ईरा मांडीवर, गाडी मिटवून पायाशी. पनवेल स्टेशन जवळ आलं तसं ती एकदम ताठ झाली. मला वाटलं आळस देतेय. मग तिचे डोळे वर गेले आणि हातपाय झटके द्यायला लागले. मी तिला हाक मारली. ती माझ्याकडे बघत होती, पण बघत नव्हती.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. आजी ओरडल्या. शेखभाईंनी आरशातून मागे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "बच्ची को क्या हुआ?"

कुणीतरी म्हणालं, "झटके येतायत."

पुढे स्टेशनचा स्टॉप होता. हात करून उभी असलेली माणसं मला खिडकीतून दिसली आणि मागे गेली. बस थांबली नाही. मग ती कधीच वळत नाही त्या रस्त्याला वळली. भोईर दारात लटकून, हात बाहेर काढून समोरच्या रिक्षांना बाजूला सारत होते. बसमध्ये ऑफिसला जाणारे होते, कॉलेजचे होते, लोकल पकडणारे होते. कुणी एक शब्द काढला नाही.

हॉस्पिटलच्या फाटकाशी बस थांबली. मी उतरलो तो पळतच सुटलो. आत नर्सने ईराला माझ्या हातातून घेतलं. तोवर तिचे झटके थांबले होते आणि ती मलूल पडली होती. ते मला जास्त भयंकर वाटलं. डॉक्टरांनी तिला तपासलं, ताप उतरवायला काहीतरी दिलं. म्हणाले, "लहान मुलांना जोराच्या तापात येतो असा झटका. आता ठीक आहे, पण आज लक्षाखाली ठेवू."

मानसीचा फोन वर्गात असताना कपाटात असतो. शाळेच्या ऑफिसात निरोप ठेवला. तिला यायला वेळ लागणार होता.

काउंटरवरच्या बाईंनी मला विचारलं, "पेशंटबरोबर तुमच्याशिवाय कोण आहे?"

माझ्या मागे भोईर उभे होते, मिटलेली बाबागाडी खांद्यावर घेऊन. ते कधी आत आले ते मला कळलंच नव्हतं.

"बस हाय," ते म्हणाले.

बाईंनी मान वर केली. "कोण?"

भोईरांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. फाटकाशी बस उभी होती. कुणीही उतरलेलं नव्हतं. प्रत्येक खिडकीत दोन-तीन चेहरे, सगळे आमच्याकडे.

बाईंनी ते जरा वेळ पाहिलं. "बस नाही चालणार," त्या म्हणाल्या, पण आवाज मऊ झाला होता. "हे मुलीजवळ बसतील. बाहेरून औषधं आणायला एक माणूस लागेल. एकच."

भोईरांनी गाडी भिंतीला टेकवली आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने बेल ऐकू आली आणि बस निघून गेली.

मग एक जण आत आला. तिशीतला असेल. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, गळ्यात टाय, आणि तो टाय बांधायची फारशी सवय नसावी. मी त्याला त्या बसमध्ये आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याने काउंटरवरून चिठ्ठी घेतली, औषधं आणली, नर्सला दिली. मग दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. नर्स परत काही मागायची, तो परत जायचा. ईरा डोळे उघडून रडली, तेव्हा तिचं रडणं ऐकून मी बाहेर त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही ऐकलं होतं. त्याने मान हलवली.

त्याच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. त्याने दोनदा काढून पाहिला आणि ठेवून दिला. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा त्याने तो बंदच करून टाकला.

"तुम्हाला कुठे जायचं होतं?" मी विचारलं.

"इथेच. स्टेशनजवळ."

"उशीर झाला असेल."

"हो," तो म्हणाला. "झाला."

मानसी आली तेव्हा तिच्या हाताला खडू तसाच होता. ती सरळ आत ईराकडे गेली. तो बाकावरून उठला, उरलेल्या औषधांची पिशवी माझ्या हातात दिली, टाय सोडून खिशात घातला.

त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं ते भलतंच. मी म्हटलं, "एवढ्या बसमधून त्यांनी तुम्हालाच का पाठवलं?"

"पाठवलं नाही कोणी," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं तेव्हा मी दाराशी उभा होतो."